सातव्या पानाची घंटा

त्या वृद्धाश्रमात संगणकाचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे थांबाताई म्हणत. स्क्रीन अडकली म्हणून कुणी धावत आलं, की त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’. मग चष्मा ओढणीला पुसायचा, खुर्ची ओढायची आणि कशालाही हात न लावता नुसतं बघत बसायचं. नवरा म्हणे, घराला आग लागली तरी आमची ही आधी थांबा म्हणेल, कुठून लागली ते बघेल आणि मगच बादली उचलेल. हे बोलणारा स्वतः शिंपी, दहादा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा.

आश्रमात प्रत्येक पलंगाशी एक बटण होतं. ते दाबलं की मदतनिसांच्या टेबलावरच्या संगणकात त्या दालनाच्या पानावर दिवा लागे, घंटा वाजे. पानं थांबाताईंनीच बनवलेली. पाच दालनांची पाच आणि स्वयंपाकघराचं एक. यंदा नवं दालन बांधलं, त्याचं सातवं.

त्या नव्या दालनात, कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका राहत; बाकीच्या खोल्या अजून रिकाम्या होत्या. घंटा दाबते पण कुणी येत नाही, अशी त्यांची रोजची तक्रार. कधी येतात, कधी येत नाहीत. मदतनीस म्हणत, घंटा वाजलीच नाही. पान तर डोळ्यांसमोर उघडं असायचं आणि त्यावर सगळं शांत. शेवटी व्यवस्थापकबाईंनी मनाशी ठरवलं, आजींच्या लक्षात राहत नाही आता. विस्मरण झालेल्यांसाठी वेगळं दालन होतं, त्याचं दार बाहेरून बंद असे. आजींना तिकडे हलवायचं होतं आणि सही करायला मुलाला दुपारी बोलावलं होतं.

थांबाताईंना हे सकाळच्या चहाच्या वेळी कळलं. कप तसाच ठेवून त्या आजींकडे गेल्या.

“तुम्हीही मला समजवायला आलात?” आजींनी विचारलं.

“नाही. मी टेबलापाशी पोचले की बटण दाबा, आणि खोलीतच थांबा.”

“जाते कुठे? उद्यापासून कुलूपच आहे.”

टेबलावर सातही पानं उघडी होती. थांबाताई बसल्या, बघत राहिल्या. नवं दालन शांत. आजी विसरल्या असतील, असं मदतनीस हळूच पुटपुटली. थांबाताई तिला थांबा म्हणाल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं पान बंद केलं. त्याच क्षणी सातव्या पानावर दिवा लागला आणि घंटा खणखणली.

मदतनीस उठून आजींच्या खोलीकडे पळाली. थांबाताई व्यवस्थापकबाईंच्या खोलीत गेल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक पान पडद्यामागून सर्व्हरला विचारतं, काही खबर? आणि खबर येईपर्यंत ती जोडणी धरून बसतं. ब्राउझर एका सर्व्हरकडे अशा सहाच जोडण्या उघडतो. सातव्याची मागणी तो नाकारत नाही, रांगेत उभी करतो. पान दिसतं, पण ते आधी साठवलेलं. कुणी दुसरं पान बंद केलं की सातव्याला जागा मिळते, म्हणून आजींची घंटा कधी वाजे, कधी नाही.

“मग हे कुणालाच कसं दिसलं नाही?” बाईंनी विचारलं.

“मी सात भावंडांत धाकटी,” थांबाताई म्हणाल्या. “टेबलाला खुर्च्या सहा. मी दारात उभी असायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं, हिला भूक नाही.” मग हसू आवरून म्हणाल्या, “आजी खरं बोलत होत्या. पानं मी बनवली, चूक माझी आहे. मुलाला तसं मीच सांगते.”

चूक दुसऱ्यावर ढकलायला जागा भरपूर होती. नवं दालन बांधणारे होते, नेटवर्कवाले होते, सहाचा नियम करणारे तर कुठले कोण. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. जेवायला न जाता त्या कामाला लागल्या. आता एकच जोडणी सगळ्या दालनांची खबर आणणार आणि ब्राउझरच्या आतच ती सातही पानांना वाटली जाणार होती.

दुपारी मुलगा आला तेव्हा सहीचा कागद टेबलावर नव्हता. व्यवस्थापकबाई त्याला घेऊन स्वतः आजींच्या खोलीकडे निघाल्या. पोचायच्या आतच घंटा वाजली आणि मदतनीस त्यांना मागे टाकून धावली.

“काय हवंय, आजी?”

“काही नको,” आजी म्हणाल्या. “मुलगा येतोय. त्याच्यादेखत येता का, ते बघितलं.”