आबांची चौकट

आबांना रेघा नसलेला तक्ता बघवतच नसे. एक्सेल उघडली की आधी बॉर्डर, मग मजकूर. कडेनं जाड रेघ, आत बारीक, दोन दिवसांच्या मधे तुटक. मी लोणावळ्याच्या हॉटेलात दिवसभर तक्तेच भरतो, पण माझं काम आबांना कधी पटलं नाही. "लेका, वाळत घातलेल्या कापडागत नावं टाकलीस की रं!" म्हणायचे. देहूरोडच्या डेपोत कारकुनी करून गावी परतलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार?

आमच्याकडे भाताची लावण अजून सावडीनं होते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं खाचर त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. कुणाचा दिवस कधी, कुठल्या घरून किती माणसं, हा तक्ता आबा माझ्या लॅपटॉपवर करायचे. पहिल्या वर्षी पडद्यावरच्या फिकट रेघांना ते खऱ्या रेघा समजले. छापून आला तो नुसता नावांचा ढीग! देवळाच्या भिंतीवर तो लागला आणि दोन दिवसांची माणसं एकाच खाचरात उतरली. भाकऱ्या कुठून पुरणार? त्या संध्याकाळी आबा तावातावानं माझ्या दारात. "पडद्यावं दिसतंय ते कागदावं येत न्हाई व्हय? दाव मला, बॉर्डर कुटं असती." तेव्हापासून हे वेड.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या सुमनवहिनींचे यजमान मोटारसायकलवरून पडले, पायात सळई बसली. घरात कामाला दुसरं कुणी नाही आणि रोपं तर लावणीला आलेली. गाव म्हणालं, आम्ही लावून देतो. पण वहिनी कसल्या ऐकतायत! "फेडायला घरात मानूस न्हाई. आमचं नाव काढा, यंदा खाचर पडीक ऱ्हाईल." मला रागच आला. आणखी थोडे दिवस गेले असते तर रोपं वायाच जायची.

आबांनी खुर्ची ओढली. वहिनींच्या आणि स्वतःच्या नावामधली रेघ पुसली आणि दोन्ही नावांभोवती मिळून एकच जाड बॉर्डर मारली. मग वहिनींना बोलावून घेतलं.

"ही बघ. एक चौकट म्हंजे एक घर. तुज्या वाटची मानसं माजे पुतने. दोनी दिवसाचं जेवान मातर तुजं."

"आन् तुमचं जेवान मी का करायचं, आबा?"

"तुजी मावशी गेल्यापास्नं माजा सैपाक लोकं कसा गिळत्यात, ते इचार कुनालाबी!"

वहिनी हसता हसता रडायला लागल्या. पुढल्या चार दिवसांत दोन्ही खाचरं लावून झाली. त्या दोन्ही दिवशी लोकांनी इतकं हाणलं, की दुपारनंतर कुणाला वाकता येईना. आबा तर बांधावर चक्क घोरत पडले होते.

पुढे आबांची नजर अधू झाली आणि लेक त्यांना तळेगावला घेऊन गेली, खाचर पुतण्यांकडे राहिलं. खरं सांगतो, मला करमत नाही. यंदा तक्त्याला बसलो तर वहिनी आपणहून शेजारी येऊन बसल्या. त्यांचे यजमान आता चालतात, म्हणून विचारलं, "वहिनी, तुमची चौकट वेगळी करू?"

"कर की. आमची दोगांची नावं लिव्ह. आन् आबांच्या खाचरात पयल्या दिशी आमी जानार. जेवान बी माजंच, सांग त्यान्ला."

मी तिथल्या तिथं आबांना फोन लावला आणि वहिनींचा निरोप सांगितला. आबांनी आधी दिवस कुठला ते विचारून घेतलं. मग म्हणाले,

"जेवायला येतो म्हनावं तिला."