संत्र्याच्या गाडीचं अंतर

पुढच्या गाडीमागे माणूस किती अंतर ठेवून गाडी चालवतो, हे कॉम्प्युटरला शिकवणं माझं काम. त्यावरून आमचं सॉफ्टवेअर सांगतं, रस्ता कुठे तुंबेल. सौंसर-पांढुर्णा रस्त्याच्या मोजणीत काही पिकअप इतरांच्या दुप्पट अंतर ठेवून चाललेल्या दिसल्या. कॅमेऱ्याची चूक म्हणून मी त्या सरळ काढून टाकल्या.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या पिकअपमध्ये बसून पांढुर्ण्याला निघालो. मागे सुटा संत्रा भरलेला. बाबा पुढे एवढी जागा सोडत, की जो तो मधात घुसे. मग बाबा गाडी हळू करून पुन्हा तेवढीच जागा सोडत.

“बाबा, चिपकवा ना गाडी! सारे घुसून राहिले!” मी वैतागलो.

“घुसू दे. कचकन ब्रेक मारला का खालचा संत्रा दबते.”

माझा मलाच राग आला. याच संत्र्याच्या भाड्यावर माझं इंजिनिअरिंग झालं, आणि मी संत्र्याची गाडी ओळखली नाही! कामावर परत येताच, आधी काढून टाकलेल्या साऱ्या गाड्या मोजणीत घेतल्या आणि सॉफ्टवेअरमध्ये तसा एक ड्रायव्हर बसवला. पडद्यावर त्याच्या पुढची रांग थांबत-अडखळत होती, मागची मात्र सलग चालत राहिली.

दिवाळीत लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यातली कोणती गाडी कशी बसवली, ते मुद्दामच सांगितलं नाही. बराच वेळ बघून त्यांनी त्याच गाडीवर बोट ठेवलं.

“हा कोण आहे रे? बाकीचे नुसते ब्रेक मारून राहिले. गाडी हाच चालवून राहिला.”