न सापडलेला कण

"बेटा, हॉल बुक झाला. इथल्या मराठी समाजाची सगळी मंडळी येणार आहेत," बाबांचा फोन होता. माझा सत्कार ठरवूनच त्यांनी मला कळवलं होतं.

मी डार्क मॅटरवर काम करते. विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसत नाही, त्याच्या गुरुत्वाकर्षणावरूनच ते आहे एवढं कळतं. ते कुठल्या कणांचं असेल याची गणितं मी मांडते. अवकाशातल्या एका दुर्बिणीला आकाशगंगेच्या मध्याकडून येणाऱ्या गॅमा किरणांत एका ठरावीक ऊर्जेवर जास्तीचा उजेड दिसला होता. आलेखात चांगला उंचवटाच. डार्क मॅटरचे दोन कण एकमेकांना भेटून नष्ट झाले तर असाच उजेड निघेल, असं मी आणि माझ्या सहकाऱ्यानं लिहिलं. ते गाजलं. आमच्या उज्जैनच्या एका हिंदी पेपरनं तर 'शहर की बेटी ने खोजा गुप्त कण' असंच छापून टाकलं.

मी सत्कारासाठी घरी निघायच्या आदल्या आठवड्यात नवा निकाल आला. दुर्बीण पृथ्वीच्या वातावरणाकडे वळवली, जिथून डार्क मॅटरचा असा उजेड यायचं कारणच नाही, तरी तोच उंचवटा दिसत होता. म्हणजे दोष उपकरणात होता. आमचा कण गेला.

घरी पोचले तेव्हा बाबा कुर्त्याला इस्त्री करत होते. इतके खुशीत, की म्हटलं, चहा झाल्यावर सांगू. मग म्हटलं, जेवण झाल्यावर. तसंच राहिलं.

शाल-श्रीफळ झालं, माईक हातात आला आणि मी खरं ते बोलले. "तो कण नाहीये. आमचा अंदाज चुकला." टाळ्या पडल्या. क्षणभर मला स्वतःचं कौतुकच वाटलं. मग पहिल्या रांगेत बाबा दिसले. शेजारचे काका त्यांना काहीतरी विचारत होते आणि बाबा मान हलवत होते, आधीपासून माहीत असल्यासारखी.

परतताना देवास गेटच्या गर्दीत स्कूटी अडकली तेव्हा बाबा म्हणाले, "कण नाही मिळाला त्याचं काही नाही गं. पण मला घरात सांगायचं होतंस. मला सगळ्यांबरोबर कळलं."

सकाळी आम्ही भाजी आणायला गेलो. भाजीवाला हसून म्हणाला, "बाबूजी, बिटिया ने तो कमाल कर दिया!"

बाबा टोमॅटो निवडता निवडता म्हणाले, "नहीं भैया, वो कण मिला नहीं. मशीन की गड़बड़ थी."

किराणावाल्याकडे तेच. लाँड्रीत तेच. मी पिशवी धरून मागे उभी. डेअरीपाशी आल्यावर मला राहवेना. "बाबा, राहू द्या ना. त्यांना काय फरक पडतो?"

"मग तू सांग," ते म्हणाले.

डेअरीवाला माझ्याकडे बघायला लागला. लहानपणापासून मी त्याच्याशी हिंदीत बोलत आलेय, पण त्या वेळी "भैया, वो जो पेपर में आया था..." इथंच अडकले. पुढचं वाक्य बाबांनीच पुरं केलं, आणि दुधाची पिशवी माझ्या हातात दिली.