बोटांपुरती जागा

आमच्या गॅरेजमध्ये त्याला सगळे आरसाभाऊ म्हणत. त्याने पुट्टी भरून, घासून, रंगवलेल्या गाडीच्या दरवाजात बघून खुशाल भांग पाडावा, असं त्याचं काम. मी इंजिनवाला, हात कायम काळे. मला तो त्याच्या गाड्यांजवळ फिरकूही देत नसे. पत्र्यावरून डोळे मिटून हात फिरवायचा आणि केसाएवढा उंचवटा लागला तरी पुन्हा पॉलिशपेपर घेऊन बसायचा. माणूस सोन्यासारखा, पण या बाबतीत महाखडूस.

त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनीच्या, बोटांतली ताकद कमी होत चालली होती. ती परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. वहिनीची धाकटी बहीण लांब राहायची. संध्याकाळी दोघी आपापल्या घरी हातातला व्हिडिओ गेम घेऊन बसत आणि इंटरनेटवरून शर्यत लावत. खेळ कमी, भांडण जास्त. वहिनीचा अख्खा दिवस त्या तासाभरावर निघायचा. आता तो चपटा गेम तिच्या हातात ठरेना, आणि ती बहिणीला थापा मारू लागली. आज पाहुणे आलेत, आज डोकं दुखतंय.

मग आरसाभाऊने गेमसाठी जाड प्लास्टिकचं कवच बनवलं. त्याच्या पाठीवर पुट्टी थापली, वर पातळ प्लास्टिक अंथरलं आणि वहिनीला म्हणाला, "धर घट्ट." मऊ पुट्टीत तिच्या बोटांचे खळगे उमटले. त्यांत बोटं रुतली की गेम निसटणार नव्हता.

फक्त कडा घासायच्या म्हणून तो ते गॅरेजमध्ये घेऊन आला, आणि तिथे हाताने दगा दिला. कडा झाल्या, मग थोडं आत, मग आणखी थोडं. आयुष्यभर ज्याने पोचे बुजवले, त्याच्या हाताला खळगा सोसवतो होय! त्याने सगळे भरले, घासले, वर निळा रंग मारला. मीही तोंड भरून कौतुक केलं. अक्कल मलाही नव्हतीच.

घरी वहिनीच्या हातातून ते साबणासारखं सटकलं.

"अहो, माझी बोटं कुठं गेली?" ती हसत म्हणाली. "जित्याची खोड, दुसरं काय!"

त्याला हसू आलं नाही. मला हे सांगताना तो ढसाढसा रडला.

पुढच्या सुट्टीला त्याने मला घरी बोलावलं. हार्डनर मिसळला की पुट्टी बघता बघता घट्ट होते, म्हणून कवच धरायला कुणीतरी हवं होतं. वहिनीने बोटं टेकवली. या वेळी करंगळीचा ठसाच उमटेना. शेजारच्या बोटाचाही जेमतेम.

"दाबतेय हो मी," ती म्हणाली.

"दिसतंय मला," तो म्हणाला. साफ खोटं.

पुट्टी कोमट, म्हणजे घट्ट व्हायला लागली होती. त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला, बोटावर बोट, आणि दाबला. पुट्टी पुरती आळेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण कवच सोडून उठणार कसा?

त्या संध्याकाळी वहिनी खेळली, हरली आणि बहिणीशी कडाकडा भांडली. आरसाभाऊ बाहेर पायरीवर बसून ऐकत होता.

"रंग कोणता देणार आता?" मी विचारलं.

"रंग नाही देणार," तो म्हणाला. "महिन्याभरात पुन्हा ठसे घ्यावे लागतील."