पेरूवरचा मलिदा

माझ्या लेकीला कावीळ झाली, त्या वर्षीचा हा दिवाळीआधीचा एक रविवार. कावीळ उतरली होती, डोळ्यांचा पिवळेपणा गेला होता, पण तिचं खाणं काही परतलं नव्हतं. आठ वर्षांची पोर दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. लिव्हर अजून नाजूक आहे, डॉक्टर म्हणाले होते. बाहेरचं देऊ नका, तेलकट देऊ नका, आणि मला विचारल्याशिवाय साधी तापाची गोळीसुद्धा पोटात जाऊ देऊ नका. मी मुळातच भित्री. तेव्हापासून मी उकळलेलं पाणी पुन्हा उकळायला लागले. ती झोपली की हळूच तिची पापणी वर करून रंग बघायची. ती वैतागायची, पण माझ्याच्याने राहवायचं नाही.

त्या रविवारी सकाळी तिने आपणहून खायला मागितलं. मोबाइलवर कुणीतरी फळांवर पिठाचा चुरा घालून भाजत होतं, त्याला क्रंबल म्हणतात म्हणे. "मला हे पाहिजे," ती म्हणाली. तिने बोट दाखवून काही मागितलं याचाच मला इतका आनंद झाला की मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यात मैदा, लोणी आणि साखर यांची नुसती रेलचेल. ते आपल्याला चालणारं नव्हतं. मी ठरवलं, ज्वारीचं पीठ, गूळ, दाण्याचा कूट आणि तूप अगदी नावाला.

माझी आई शेजारी बसून बघत होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच, मानवतला. तिने सगळं पाहून निकाल दिला.

"मलिदाच की ह्यो. भाकर कुस्करायच्या जागी पीठच कुस्करायलेत, एवढंच."

घरातलं पीठ नेमकं संपलेलं. आईने सूप काढलं आणि दळण करायला बसली. धान्य हे आमच्याकडे आईचं खातं. ज्वारी पत्र्याच्या कोठीत असते आणि तिला कीड लागू नये म्हणून आम्ही त्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकतो, तशा सगळेच टाकतात. करड्या, गुळगुळीत, हरभऱ्याएवढ्या. मी पाच टाकल्या होत्या. पुष्कळ घरी त्या फडक्यात बांधून ठेवतात, पण आईला ते पटत नाही; मोकळ्या टाकल्या की सगळीकडे लागतात, असं तिचं म्हणणं. दळण निवडताना त्या सुपात येतात, आई वेचून बाजूला ठेवते आणि पुन्हा कोठीत टाकते. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मी एकदा म्हणाले होते की दळण मी निवडत जाईन. तर दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

कोठीत तळाला जेवढी ज्वारी होती ती सगळीच तिने त्या दिवशी काढली. मी डबा घेऊन गिरणीत गेले, लाइट जायच्या आत दळून आणलं. पीठ गरम होतं म्हणून परातीत पसरून ठेवलं. तेव्हा ते मला जरा काळसर वाटलं होतं. आधी कुणाची तरी बाजरी दळली असेल, असं मनाशी म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

पेरूंनी तेव्हा बाजार भरला होता. पेरूच्या बिया काढून फोडी केल्या, दोन सफरचंदं चिरली, वर लिंबू पिळलं, थोडी सुंठ घातली. सीताफळंही घरात होती, पण शिजवलं की ते कडवट होतं, म्हणून ते नंतर वरून घ्यायचं ठरलं. मग पीठ, गूळ, कूट, तीळ आणि तूप हे बोटांनी चोळत बसले, रवाळ होईपर्यंत. लेक माझ्या मांडीला टेकून मधूनच चिमूट उचलून तोंडात टाकत होती. आमच्याकडे तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आहे, झाकणाला काच असलेला. त्यात भांडं ठेवलं आणि थोड्या वेळाने घरभर गूळ आणि पेरूचा असा वास सुटला की आईसुद्धा उठून काचेतून डोकावून गेली.

लेकीने वाटी संपवली. मग दुसरी घेतली. चमचा चाटून पुसून ठेवला. मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी कामाला उठले. गावाकडून आलेलं ज्वारीचं पोतं फोडून कोठी भरावी म्हटलं.

कोठी रिकामी होती. अगदी रिकामी. तळाशी थोडा भुसा आणि एक मेलेला किडा. गोळ्या नव्हत्या.

मी आत हात घालून कोपरे चाचपले. कोठी आडवी करून टॉर्च मारला. मग सूप पाहिलं, जिथे आई बसली होती तिथली सतरंजी झटकली, फडताळ पाहिलं. ते काळसर पीठ एकदम डोळ्यांसमोर आलं. गोळ्या दळणात गेल्या. पीठ झाल्या. आणि ते मी माझ्या हातांनी चोळून, गूळ घालून, लिव्हर नाजूक असलेल्या पोरीला दोन वाट्या खाऊ घातलं.

आईला विचारलं, सकाळी गोळ्या निघाल्या का? ती म्हणाली, गोळ्या कसल्या, सुपात गोळ्या आल्याच न्हाईत. मी म्हणाले, पाच होत्या, मी टाकल्या होत्या. ती म्हणाली, नसतीलच टाकल्या. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चढला होता. दिसत नव्हतं तर बोलायचं होतंस, एवढा कसला हट्ट, पोरीच्या जिवाशी खेळ झाला, असं बरंच काही बोलले. सासूबाईंना मी यातलं एक अक्षर बोलले नसते. आईला माणूस बोलतो.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "मला तर आल्याल्या आठवत न्हाईत गं."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ते शांत आहेत म्हणून मला जास्तच धास्ती वाटली. त्यांनी विचारलं, गोळ्या दळणात गेल्याच हे नक्की आहे का? मी म्हणाले, नक्की नाही, पण सापडत नाहीत. आधी नीट शोधा, ते म्हणाले, आणि सापडोत न सापडोत, पोरीला घेऊन परभणीला या. गोळ्यांचं पाकीट आणि थोडं पीठही सोबत आणा. उलटी होतेय का, पोट दुखतंय का, बघत राहा. नवरा येलदरीला वीज केंद्रात, त्याची त्या दिवशी ड्यूटी. त्याचा फोन लागेना. शेवटी मीच गाडीवाल्याला बोलावलं, तो अर्ध्या तासात येतो म्हणाला.

तो अर्धा तास मला अजून आठवतो. मी पिशवी भरत होते आणि दर दोन मिनिटांनी बाहेरच्या खोलीत जाऊन लेकीला विचारत होते, पोटात दुखतंय का? ती नाही म्हणायची. मळमळतंय का? नाही. शेवटी ती चिडून म्हणाली, तू विचारलं की दुखतं. मी परत आत येऊन कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला. पेरूच्या बिया, सफरचंदाची सालं, यात बोटं घालून शोधत राहिले. ओव्हनमधल्या उरलेल्या चुऱ्याकडे बघवत नव्हतं. सकाळपासूनचा तो वास घरात तसाच होता आणि आता मला त्याची शिसारी येत होती.

पाकीट सापडलं तसं ते हातात घेऊन मी बाहेर आले. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आईचा पदर तिच्या हातात होता आणि ती पदराची गाठ दातांनी सोडत होती. यात नवं काही नव्हतं. आईच्या पदराला कायम गाठ असते आणि नातीसाठी त्यात खडीसाखर, कधी पेपरमिंटची गोळी असते. आई डावखुरी आहे. तिची गाठ उलटी आणि अशी आवळलेली असते की आमच्यापैकी कुणालाच हातांनी सुटत नाही, म्हणून पोरगी दात लावते.

गाठ सुटली. लेकीने पदर झटकला आणि तळहातावर आलेलं तोंडाकडे नेलं.

करड्या, गुळगुळीत गोळ्या.

मी कशी झेप घेतली ते मला सांगता येणार नाही. तिच्या हातावर फटका मारला, गोळ्या फरशीवर उडाल्या, ती रडायला लागली. मी तिचं तोंड उघडून बोट फिरवलं, जिभेखाली पाहिलं. काही नव्हतं. मग गुडघ्यांवर रांगत एकेक गोळी गोळा केली. पाच. पाचही अख्ख्या, टवका न उडालेल्या. मी फरशीवरच बसले आणि तशीच डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मग काळजी नको, पण हात साबणाने धुवा, पीठ टाकून द्या आणि पोरीला उद्या एकदा दाखवून जा. गाडीवाल्यालाही येऊ नको म्हणून कळवलं. जिवात जीव आला होता. मला हसू येत होतं. आईने सकाळी निवडताना गोळ्या वेचल्या, कोठी रिकामीच होती म्हणून तात्पुरत्या पदरात बांधल्या, आणि दिवसभर त्याच पदराने डोळे पुसले. आता आईला याच्यावरून चिडवायचं, असं मनात येऊन मी मान वर केली.

आई पदराचं टोक हातात धरून बघत होती. गाठीच्या चुण्या अजून तशाच होत्या. ती त्या चुण्यांवरून अंगठा फिरवत होती, कुणाचा तरी पदर चुकून अंगावर आल्यासारखा.

"ही गाठ कुणी मारली गं?" तिने विचारलं.

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. दुपारभर माझ्या मनात जी होती ती पोरीसाठी होती, आणि ती आत्ताच गेली होती. गेल्या महिन्यात गॅसवर करपलेलं दूध, शाळेला सुट्टी का आहे हे एकाच सकाळी चारदा विचारणं, मी हसण्यावारी नेलेलं सगळं माझ्यासमोर येऊन बसलं. त्या गाठीसारखी गाठ आमच्या घरात दुसऱ्या कुणाला मारता येत नाही. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक असावं.

"मी मारली," मी म्हणाले. "सकाळी तू निवडत होतीस तेव्हा. माझ्याच ध्यानातून गेलं."

तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्या चुण्यांकडे पाहिलं. मग तिचे खांदे सैल पडले. तिने पदर कमरेला खोचला आणि माझ्यावर डाफरली, दुपारभर मी तिला बोलले त्यापेक्षा निम्म्याच जोरात.

"आन् मला बोललीस. पुढलं दळण मीच बघीन, तू मधी हात घालू नको. तुझं काई ध्यान राहत न्हाई."

"हो," मी म्हणाले.