पीसीच्या पोटातला मॅक

तुर्भ्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या प्रेसमध्ये मी डीटीपीचं काम करायचे. आमचा मॅक मेला तेव्हा मला तिथे तीन वर्षं झाली होती. दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा डब्यातून जळका वास यायला लागला. पडदा काळाच राहिला.

प्रेसचे मालक मूळचे शिरवण्याचे, आगरी. त्यांची आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावते ती बाई. तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. सत्तरी उलटलेली, लिहायला-वाचायला येत नव्हतं. तिच्या गाण्यांचं पुस्तक काढायचंच, असं मालकांनी मनावर घेतलं होतं. म्हणून दर बुधवारी जेवणानंतर ती रिक्षाने यायची, माझ्या शेजारी स्टुलावर बसून गायची आणि मी टाइप करत जायचे. ती ‘पानी’ म्हणायची, माझी बोटं ‘पाणी’ मारायची, मग मी मागे येऊन ते ‘पानी’ करायचे. मॅक गेला तेव्हा अकरा गाणी झाली होती.

मालकांनी नवा पीसी आणला. पण आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट दोन्ही मॅकचे. फ्लॉपीवरची फाइल पीसीवर उघडली तर गाण्याच्या जागी उलटी प्रश्नचिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. शेवटी वाशीहून एक इंजिनिअर आला. बारीकसा, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू-ड्रायव्हर. त्याने मेलेल्या मॅकची डिस्क काढून नेली आणि चार दिवसांनी परत येऊन पीसीवर एक चौकट उघडली. तिच्यात आमच्या मॅकचा हसरा चेहरा उगवला! तीच फोल्डरं, तोच माझा निळा फॉन्ट-मेनू.

“मग आता हा मॅक आहे की पीसी?” मी विचारलं.

“पीसीच आहे, मॅडम. पण आतल्या सिस्टीमला वाटतंय की ती मॅकवर आहे.”

“आणि मी कुठे आहे?”

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

मी गंमत करत नव्हते. मॅकच्या वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात दहा वाजलेले, पीसीच्या खालच्या घड्याळात साडेतीन. कचऱ्याचे डबे दोन. मॅकमध्ये जी कळ दाबून मी फाइल सेव्ह करायचे ती या कीबोर्डवर नव्हतीच. तिच्या जागी दुसरी दाबायची, आणि ती दाबताना माउस चौकटीबाहेर गेलेला असला तर भलतंच काही व्हायचं. संध्याकाळी नेरूळला घरी आले की डोळ्यांसमोर एकात एक खिडक्या दिसायच्या.

धवलारीण आत्याला मात्र काहीच फरक पडला नाही. नव्या डब्याकडे बघून ती म्हणाली, “ह्यो दुसरा हाय काय गो?”

“डबा दुसरा आहे, आत्या. आतला तोच.”

“बरा हाय मंग,” म्हणाली आणि गायला लागली.

दोन महिन्यांत आणखी तेवीस गाणी झाली. हळद दळतानाची, मांडवासाठी उंबराची फांदी आणतानाची, नवऱ्याला आंघोळ घालतानाची. तीन गाण्यांचं प्रूफही मी काढलं.

मग एका पेंटवाल्या कंपनीचं कॅलेंडर आलं. त्याचे मोठमोठे फोटो स्कॅन केले आणि पीसीने डिस्क भरल्याचं सांगितलं. मालक मशीनवरून ओरडले, “काहीतरी काढून टाक गं, संध्याकाळी फिल्म काढायला द्यायचीय!” मी चौकटीबाहेर, पीसीच्या फायलींत शोधलं. एकच फाइल प्रचंड मोठी होती. नावात नुसती इंग्रजी अक्षरं-आकडे, उघडायला गेले तर उघडेना. इंजिनिअरने कसलं तरी उरलंसुरलं ठेवलं असणार, असं मला वाटलं. माझी गाणी तर मॅकमध्ये होती. कायमची पुसू का, असं पीसीने विचारलं. मी हो म्हटलं. एरवी तो कचऱ्याच्या डब्यात टाकू का विचारायचा, हे मला नंतर आठवलं.

कॅलेंडर वेळेवर गेलं. बुधवारी मॅकची चौकट उघडायला गेले तर ती उघडलीच नाही.

इंजिनिअर आला, त्याने बघितलं आणि खुर्चीत मागे टेकला. “मॅडम, ती फाइल म्हणजेच मॅक होता. अख्खा. त्याची डिस्क, फॉन्ट, तुमची गाणी, सगळं त्या एका फाइलीत.”

“पण ती तर पीसीची फाइल होती.”

“हो ना.”

मला ते तेव्हा कळलं नाही. त्याने त्याच्याकडची जुनी प्रत लावून दिली. मॅक परत आला, पण दोन महिन्यांपूर्वीचा. त्यात अकरा गाणी होती, आणि बारावं गाणं कधी झालंच नव्हतं.

मालक म्हणाले, “मी सांगतो आत्याला.” पण पुसलं मी होतं. शनिवारी मीच शिरवण्याला गेले. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं: डबा, डब्यातला डबा, फाइल. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

“तुज्या डब्यातना गेली. माज्या तोंडातना कुटं गेली?” ती म्हणाली. “बुधवारी येतंय.”

बुधवारी ती आली. मी जपून ठेवलेलं प्रूफ काढून समोर धरलं आणि तिने उंबराचं गाणं सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला मी थांबले. आधीच्या गाण्यात पाण्याला मामी गेली होती, आता बहीण गेली. पुढे दोन कडवी नवीन आली आणि एक आलंच नाही.

“आत्या, मागच्या वेळी तुम्ही मामी म्हणाला होतात.”

“त्या लगनाला मामी होती.”

“कुठल्या लग्नाला?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले होते. “मनात कुनाचा तरी लगीन धरल्याशिवाय धवला येतो काय गो?”

मी मालकांना विचारलं, कुठलं खरं धरू? तेही गोंधळले. “तुला काय वाटतं?” म्हणाले. मी प्रूफ कागदांच्या फायलीला लावलं आणि ती जसं गायली तसं टाइप केलं. रोज संध्याकाळी ती मोठी फाइल सीडीवर उतरवायची व्यवस्था इंजिनिअरने करून दिली.

पुस्तक छापून आलं. शिरवण्यातल्या एका हळदीला मालकांनी ते वाटलं, मलाही बोलावलं. मांडवात धवलारीण आत्याने सूर लावला आणि मी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. तीन ओळी जुळल्या. मग ती कुठे गेली ते मला सापडेना. मी पान उलटलं, मागे आले, पुन्हा पुढे गेले. शेजारच्या बाईने माझ्या मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि हातात हळदीची वाटी दिली. “चल गो, तुजा नंबर आला,” ती म्हणाली, आणि मी उठले.