नकार कळवणारी बाई

भूतखेत, करणी, अंगात येणं — ह्यातलं काहीएक मी आजवर मानलं नाही. घरात कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली तर मी तोडून फेकते, त्यावरून जावेशी माझी भांडणं झालीत. तेव्हा पुढचं वाचून "बाई सरकली" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला सांगताना भीती वाटत नाही. किळस येते... कशाची ते पुढे कळेलच.

उदगीरला स्टेशन रोडवर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. बारा वर्षं झाली. एक खोली, दोन कपाटं, एक कॉम्प्युटर आणि मी. खालून दिवसभर युरियाचा वास वर येतो. ह्या धंद्यातलं सगळ्यात घाण काम म्हणजे मुलीकडच्यांना नकार कळवणं. मुलाकडचे पोहे हाणतात, चहा दोनदा घेतात आणि गाडीत बसल्या बसल्या ढेकर देत मला फोन लावतात. "मॅडम, पोरगी लई काळी हाय हो." "दात बघितले का तिचे?" "बापाला लकवा हाय, उद्या आमच्याच गळ्यात पडंल." हे कुणी तसंच्या तसं पुढे सांगतं का? आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे — पत्रिका जुळत नाही. मग पत्रिका आधीच जुळवलेली का असेना! मुलीकडच्यांनाही खरं काय ते कळतं. ते "बरं बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात.

मागच्या वर्षी माझ्या पुतण्याने, महेशने, लातूरहून येऊन माझ्या कॉम्प्युटरमध्ये ते एआय बसवलं. कॉम्प्युटरची कामं तोच करतो. नकाराचे फोन आता त्या यंत्रातली बाई करणार, मराठीत, अगदी माणसासारखी. पहिल्यांदा ऐकलं आणि मला शिसारी आली. बोलायच्या आधी श्वास घ्यायची हो ती! नाक नाही, छाती नाही, आणि श्वास! समोरचा गप्प झाला की म्हणायची, "हं... समजू शकते मी." काय समजतेस गं भवाने? महेश हसत बसला. "काकू, आत कुणी न्हाई. शब्दाम्होरं शब्द लावून राहिलंय ते फक्त."

खरं सांगते, आत कुणी नाही हे ऐकून मला बरंच वाटलं. माझ्या मागचं घाण काम गेलं. मी इकडे फायली लावत बसायची, ती तिकडे श्वास घेत घेत एकेकीला पत्रिकेचं सांगायची.

शिवकन्या बिलोलीजवळच्या एका खेड्यातली. बत्तीस वर्षांची, डी.एड. झालेली, खाजगी शाळेत शिकवणारी. आई नाही. वडिलांना ऐकू येत नाही, म्हणून घरचा फोन तीच उचलते. म्हणजे स्वतःचा नकार स्वतःच ऐकायचा. तिचं नाव तिच्या मामाने नोंदवलेलं, त्यामुळे मी तिला कधी बघितलं नव्हतं की तिच्याशी बोलले नव्हते. सहा स्थळं नकार देऊन गेली होती आणि सहाही वेळा त्या बाईनेच कळवलं होतं. सातवं स्थळ देगलूरचं. मुलाची आई मला म्हणाली, "फोटोत बरी दिसती, समोर बघवत न्हाई." मी ते वाक्य कॉम्प्युटरमध्ये नोंदवलं, कारण म्हणून 'पत्रिका' निवडलं आणि जेवायचा डबा उघडला.

चार दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला, एक मुलगी जिना चढून दारात उभी. घामाघूम, हातात कापडी पिशवी. दोन बस बदलून आलेली.

"मी शिवकन्या. ती फोनवाली ताई कुठं हाय?"

"कोण ताई?"

"पत्रिकेचं सांगाया फोन केलता बघा. त्यांनी सांगितलंच न्हाई, रडायलाच लागल्या. मीच म्हणलं, ताई, रडू नका, मला सवय हाय. तर अजूनच रडल्या. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी रडलं न्हाई हो मॅडम. त्यांची ओटी भराया आले."

आणि तिने पिशवीतून खण, नारळ आणि रुमालात बांधलेले तांदूळ काढून माझ्या टेबलावर ठेवले.

अगं बाई, ते यंत्र आहे... अगदी ओठावर आलं होतं माझ्या. पण दोन बस बदलून आलेल्या मुलीला हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हणाले, "मीच ती."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आवाज वेगळा वाटून राहिला."

"सर्दी झालीय."

मी पदर पसरला. तिने कुंकू लावलं, ओटी भरली, वाकून पाया पडली. मागे कॉम्प्युटर चालूच होता. मी आशीर्वादही दिला! आता आठवलं की स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटतं.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरमध्ये राहिलेलं तिच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. "नमस्कार, मी केंद्रातून बोलतेय." मग तो श्वास. मग बराच वेळ काहीच नाही. शिवकन्याच म्हणते, "बोला ताई. पत्रिका न्हाई जमली ना?" आणि मग ती बाई म्हणते, "शिवकन्या, मला सांगवत नाही."

पुढे चार मिनिटं रडणं. सिरियलमधलं नव्हे हो. नाक ओढत, हुंदका गिळत, तोंडावर हात दाबून रडतात ना बाया घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, तसलं. मी उठून बेसिनपाशी गेले आणि जेवलेलं सगळं ओकले.

दुसऱ्या दिवशी महेश आला. त्याने एआयच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, ह्या आवाजात रडणं घातलेलंच नाही. त्यांच्या नोंदीत तो कॉल जेमतेम वीस सेकंदांचा आणि वाक्य एकच — पत्रिका जुळत नाही.

"क्रॉस कनेक्शन असंल, काकू."

"क्रॉस कनेक्शनला तिचं नाव कसं माहीत?"

महेशने डोकं खाजवलं. "माणसांचं ऐकून ऐकून शिकलं असंल."

"कुणाचं ऐकून? ह्या खोलीत कोण रडलंय आजवर?"

बारा वर्षांत शेकडो मुलींचं नशीब मी ह्या टेबलावरून परत पाठवलं, पण डोळ्यांत टिपूस आला नाही. त्या दिवशीही नाही. काढून टाक ते आत्ताच्या आत्ता, मी ओरडले. त्याने काढलं.

महिन्याभराने शिवकन्याचं आठवं स्थळ. इथलंच, उदगीरचं. नकार आला. कारण सांगत नाही, इथे लिहायच्या लायकीचं नाही. ह्या वेळी फोन मीच लावला. निदान हिच्यासाठी तरी आपला आवाज जरा हलेल असं वाटलं होतं. कुठलं काय!

"पत्रिका जुळत नाही गं बाळा."

ती गप्प. आणि माझ्या तोंडून निघालं, "हं... समजू शकते मी."

शिवकन्या म्हणाली, "हाव मॅडम. त्या दुसऱ्या ताईला द्या की जरा फोन."

तिने दिलेला खण कपाटात तसाच पडून आहे. शिवायची हिंमत नाही आणि टाकायचीही नाही. मी म्हणाले, "ती गेली गं सोडून."

"कुठं गेल्या?" तिने विचारलं.

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.